फळ्यावरच्या आकृतीपासून चालत्या वर्कफ्लोपर्यंत: नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

बैठक संपते तेव्हा फळ्यावर सात-आठ चौकोन असतात, त्यांना जोडणारे बाण असतात, मध्ये कुठेतरी ‘मंजूर?’ असं लिहिलेला तिरका चौकोन असतो आणि सगळ्यांचं एकमत झालेलं असतं. मग त्या फळ्याचा फोटो तुमच्याकडे येतो, सोबत एक ओळ: ‘हे आता सिस्टिमवर घ्यायचंय.’

एकमत झालं, कारण आकृतीत मोकळ्या जागा भरपूर होत्या आणि प्रत्येकाने त्या मनातल्या मनात आपापल्या परीने भरल्या. रोजच्या कामात त्याने फारसं बिघडत नाही. एखादं प्रकरण अडलं की लोक एकमेकांना विचारतात, तोड काढतात, पुढे जातात. वर्कफ्लो इंजिनला, म्हणजे आखून दिलेली प्रक्रिया चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, मात्र प्रत्येक वळणावर काय करायचं ते आधीच सांगून ठेवावं लागतं. आकृतीत जे सांगितलेलं नाही ते शेवटी कोड लिहिणारा ठरवतो, तेही बहुधा घाईत आणि कुणाला न विचारता. म्हणून नेमकं स्पेसिफिकेशन लिहिणं म्हणजे राहून गेलेले निर्णय हुडकणं आणि ते घेण्याचा अधिकार ज्याचा आहे त्याच्याकडून घेऊन येणं. चिन्हं कुठली वापरायची हा त्यामानाने सोपा भाग आहे.

पहिल्याच दिवशी एक प्रश्नवही उघडा. साधी स्प्रेडशीट पुरते: प्रश्न, संभाव्य उत्तरं, निर्णय कुणाचा, काय ठरलं, कधी ठरलं. यातला ‘संभाव्य उत्तरं’ हा रकाना सगळ्यात कामाचा. ‘मुदत संपली तर काय करायचं?’ असा मोकळा प्रश्न विचारला की ‘बघू, सांगतो’ असं उत्तर येतं आणि विषय लोंबकळत राहतो. ‘मुदत संपली तर काम वरिष्ठाकडे जाईल, की त्याच माणसाकडे राहून फक्त आठवण जाईल?’ असं विचारलं की समोरचा विचार करून एक निवडतो, किंवा तिसरा पर्याय सांगतो जो तुम्हाला सुचलाच नसता.

लेखभर एकच उदाहरण घेऊ: खरेदीची मागणी. फळ्यावरची आकृती अशी आहे. कर्मचारी मागणी सादर करतो. व्यवस्थापक मंजूर करतो. रक्कम मोठी असेल तर वित्त विभाग तपासतो, यंत्रसामग्री असेल तर तांत्रिक विभाग तपासतो. खरेदी विभाग कोटेशन मागवतो, खरेदी आदेश काढतो. माल येतो, बिल येतं, पैसे दिले जातात. संपलं. वाचताना यात काही खोट वाटत नाही.

पायरी १: एक प्रकरण म्हणजे काय ते ठरवा

वर्कफ्लोमध्ये जे एक-एक चालतं त्याला प्रकरण म्हणू. हा प्रश्न इतका साधा वाटतो की नवखे तो विचारतच नाहीत, आणि पुढची अर्धी आकृती त्यावरच कोसळते.

आपल्या उदाहरणात सुरुवातीला प्रकरण म्हणजे एक मागणी. ठीक. पण एका मागणीत चार वस्तू आहेत आणि त्या दोन पुरवठादारांकडून घ्यायच्या आहेत, म्हणजे आदेश दोन निघाले. त्यातल्या एका आदेशाचा माल तीन खेपांत आला. पुरवठादाराने महिन्याअखेरीस आपल्या तीन आदेशांचं मिळून एकच बिल पाठवलं, त्यातले दोन आदेश दुसऱ्याच मागण्यांतले. आता सांगा, ‘बिल येतं’ हा चौकोन कुठल्या प्रकरणाचा? एका रेषेत काढलेल्या त्या आकृतीत प्रकरणाची जात तीन वेळा बदलली आहे: मागणी, आदेश, खेप, बिल.

प्रत्येक चौकोनापाशी थांबून विचारा: इथे एका वेळी किती नग हाताळले जातात, आणि मागच्या चौकोनातल्या एका नगाचे इथे किती होतात? उत्तर सगळीकडे ‘एकास एक’ असेल तर निर्धास्त पुढे जा. जिथे ‘एकास अनेक’ किंवा ‘अनेकांस एक’ येईल तिथे प्रक्रिया तोडायची. मागणीची प्रक्रिया वेगळी, आदेशाची वेगळी, बिलाची वेगळी; त्या एकमेकींना संदेश पाठवतात. संदेश कुठल्या प्रकरणाला मिळायचा, हे ओळखायला एक चावी लागते. बिलावर आदेश क्रमांक छापलेला असेल तर ती चावी झाली. छापलेला नसेल, तर बिल आणि आदेश जुळवणं हे माणसाने करायचं स्वतंत्र काम आहे आणि ते आकृतीत यायलाच हवं.

सोबत आणखी दोन गोष्टी लिहून टाका. प्रकरण सुरू नेमकं कशाने होतं: फॉर्म उघडल्यावर, की सादर केल्यावर? आणि संपतं किती प्रकारे? फळ्यावर ‘संपलं’ एकच असतं. प्रत्यक्षात मागणी पूर्ण होते, नामंजूर होते, मागणीदार ती मागे घेतो, किंवा दुरुस्तीसाठी परत गेलेली मागणी कुणी पुन्हा हातच न लावल्यामुळे कालबाह्य होते. प्रत्येक शेवटाला नाव द्या. अहवाल काढणाऱ्यांना पुढे हीच नावं लागतात.

पायरी २: चौकोनांची जात ओळखा

ढोबळ आकृतीत चौकोनात काहीही असतं. ‘मागणी मंजूर’ ही स्थिती आहे. ‘वित्त विभाग’ हा काम करणारा आहे. ‘बिल’ हा कागद आहे. ‘पुरवठादाराच्या उत्तराची वाट पाहणे’ हे कुणाचंच काम नाही; ती बाहेरून घडणारी घटना आहे. ‘खरेदी प्रक्रिया’ ही तर आत दहा कामं दडलेली अख्खी उपप्रक्रिया.

एकेक चौकोन घेऊन त्याला काम, घटना, निर्णय, स्थिती, कागद, व्यक्ती किंवा उपप्रक्रिया यांपैकी एक शिक्का मारा. कामांची नावं ‘काय’ आणि ‘करणे’ अशी लिहा: ‘मागणी तपासणे’, ‘कोटेशन मागवणे’. नुसतं ‘मंजुरी’ लिहिलं की ती कृती की निकाल हे कळत नाही, आणि दोन वाचक दोन अर्थ घेतात. काम केवढं मोठं असावं, याला माझा एक निकष आहे: एका माणसाने एका बैठकीत, मध्ये कुणाची वाट न पाहता पुरं करता येईल तेवढं एक काम. मध्ये थांबावं लागत असेल तर तिथे ते तुटतं.

पायरी ३: फाटे नेमके करा

आता निर्णयांकडे. फळ्यावर लिहिलंय ‘रक्कम मोठी असेल तर’. विचारल्यावर कळतं की मर्यादा ५०,००० आहे. मग: बरोबर ५०,००० असेल तर? कर धरून की वगळून? परकीय चलनातली रक्कम कुठल्या तारखेच्या दराने बदलायची? मागणी सादर करतेवेळचा अंदाज बघायचा की कोटेशन आल्यानंतरचा खरा आकडा? हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. अंदाज ४५,००० चा होता म्हणून वित्त विभागाकडे गेलं नाही, आणि कोटेशन ६०,००० चं आलं, तर पुन्हा मागे जायचं का? नियम लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा याचं उत्तर असतं. आकृतीत ते नसतं.

अटी एकाहून जास्त झाल्या की बाणांवर लिहीत बसू नका, निर्णयतक्ता करा. डाव्या रकान्यांत रक्कम आणि वस्तूचा प्रकार, उजवीकडे वित्त तपासणी हवी की नको, तांत्रिक तपासणी हवी की नको. तक्त्याचा फायदा असा की दोन दोष लगेच उघडे पडतात: एखाद्या परिस्थितीला ओळच नाही, किंवा एकाच परिस्थितीला दोन ओळी लागू होऊन उत्तरं वेगळी येतात. अशा तक्त्यांसाठी ओएमजी या संस्थेचं डीएमएन हे मानक २०१५ पासून आहे. त्यात एकापेक्षा जास्त ओळी जुळल्या तर काय करायचं हेही तक्त्यावरच सांगावं लागतं. ते मानक पूर्ण शिकण्याआधीसुद्धा ही एक सवय उचलावी: तक्त्याच्या माथ्यावर ‘एकच ओळ जुळली पाहिजे’ किंवा ‘वरून पहिली जुळेल ती’ असं स्पष्ट लिहायचं.

बीपीएमएन या प्रक्रियांच्या आकृत्या काढण्याच्या प्रमाण चिन्हपद्धतीत काम करताना नवख्यांचा हमखास एक गैरसमज होतो. गेटवे, म्हणजे फाटा किंवा जोड दाखवणारा तिरका चौकोन, स्वतः निर्णय घेत नाही. निर्णय त्याच्या आधीच्या कामात होतो, तिथे एक मूल्य नोंदलं जातं आणि गेटवे ते मूल्य वाचून फक्त रस्ता दाखवतो. त्यामुळे ‘मंजूर?’ असा गेटवे काढताना त्याच्या मागे ‘मागणी तपासून निर्णय देणे’ असं काम आहे ना, हे बघा. आणि एकच रस्ता निवडणाऱ्या प्रत्येक गेटवेला ‘बाकी काहीच लागू नसेल तर’ हा मूळ रस्ता द्या. तो दिला नाही आणि एकही अट खरी ठरली नाही, तर मानकानुसार ती चालू असतानाची चूक आहे. प्रकरण तिथेच अडकतं.

काही फाट्यांवर निर्णय आपल्या हातात नसतोच. कोटेशन मागवल्यावर एक तर पुरवठादाराचं उत्तर येईल, नाहीतर मुदत संपेल. जे आधी घडेल तो रस्ता. असा फाटा अटींवर चालत नाही, घटनांवर चालतो. त्याला बीपीएमएनमध्ये वेगळा गेटवे आहे. ‘उत्तर आलं का?’ असा साधा अटींचा फाटा तिथे काढला, तर इंजिन तो प्रश्न एकदाच आणि लगेच विचारतं, तेव्हा उत्तर अर्थातच आलेलं नसतं.

पायरी ४: जोड. इथे घाई नको

फाट्यांबद्दल लोक विचार तरी करतात. फुटलेले रस्ते पुन्हा एकत्र कसे येतात याबद्दल जवळजवळ कुणीच करत नाही. माझ्या मते ढोबळ आकृत्यांमधले सर्वांत महागडे दोष इथेच असतात.

हे समजायला टोकनची कल्पना लागते. ती पेट्री नेट्स या गणिती आकृतीपद्धतीतून आली. कार्ल ॲडम पेट्री यांनी १९६२ मधल्या प्रबंधात तिचा पाया घातला. प्रकरण सुरू झालं की सुरुवातीला एक टोकन ठेवलं जातं. काम ते टोकन उचलतं आणि पुढे ठेवतं. समांतर फाट्यावर एका टोकनची दोन होतात. समांतर जोडावर दोन्ही आल्याशिवाय काही पुढे सरकत नाही, आणि आल्यावर त्यांचं पुन्हा एक होतं. ‘यांपैकी एकच’ अशा फाट्यावर टोकन एकाच रस्त्याने जातं, आणि तशा जोडावर जे येईल ते जसंच्या तसं पुढे सरकतं. आकृती छापून घ्या, बटणं किंवा नाणी टोकन म्हणून वापरा आणि बोटाने सरकवत चला. सॉफ्टवेअर नंतर वापराच, पण पहिल्या काही आकृत्या हाताने चालवून पाहिल्याशिवाय डोळा तयार होत नाही.

दोन चुका पुन्हा पुन्हा सापडतील. पहिली: फाटा ‘यांपैकी एकच’ आणि जोड समांतर. जोड दुसऱ्या टोकनची वाट बघत बसतो, ते कधी येणारच नसतं; प्रकरण कायमचं अडकतं. दुसरी याच्या उलट: फाटा समांतर आणि जोड ‘जे येईल ते पुढे’. मग दोन्ही टोकनं एकामागून एक पुढे जातात आणि पुढचं सगळं दोनदा घडतं. पुढचं काम ‘पैसे देणे’ असेल तर त्याचा अर्थ सांगायला नको. बीपीएमएनमध्ये ही दुसरी चूक नकळत होते, कारण गेटवे न काढता दोन बाण थेट एका कामात आणले तर प्रत्येक टोकन ते काम स्वतंत्रपणे सुरू करतं. आकृती दिसायला सुटसुटीत, अर्थ मात्र भलताच. म्हणून नियम करा: जिथे दोन बाण भेटतात तिथे जोड काढायचाच आणि तो कुठल्या जातीचा हे लिहायचंच.

आता आपलं उदाहरण. मोठ्या रकमेला वित्त तपासणी, यंत्रसामग्रीला तांत्रिक तपासणी. म्हणजे कधी एक, कधी दुसरी, कधी दोन्ही, कधी एकही नाही. आकृती काढणारा इथे सहज ‘एक किंवा अनेक’ असा फाटा आणि तसाच जोड काढतो. फाटा समजतो. जोडाने मात्र किती टोकनांची वाट पाहायची? ‘आता आणखी टोकन येण्याची शक्यता उरलेली नाही’ हे कळण्यासाठी त्याला मागची सगळी आकृती तपासावी लागते, आणि मध्ये मागे जाणारा बाण असेल तर प्रश्न फारच किचकट होतो. १९९० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या ईपीसी या दुसऱ्या प्रक्रिया-चिन्हपद्धतीतल्या आकृत्यांमध्ये याच जोडाच्या अर्थावरून संशोधकांत बराच खल झाला. त्या पद्धतीतल्या, एसएपी या व्यवसाय-सॉफ्टवेअर कंपनीच्या संदर्भ-प्रक्रियांचा मोठा संच नंतर तपासला गेला, तेव्हा ६०४ पैकी किमान ३४ आकृत्यांमध्ये दोष सापडले. जाणकारांनी काढलेल्या, इतरांनी आदर्श म्हणून वापरायच्या आकृत्या होत्या त्या.

यावर उपाय साधा आहे. समांतर फाटा काढा, दोन रस्ते. पहिल्या रस्त्यावर आधी ‘वित्त तपासणी हवी का?’ असा एकच-रस्ता गेटवे. हवी असेल तर तपासणी, नको असेल तर सरळ वगळून पुढे, आणि दोन्हींचा त्याच जातीचा जोड. दुसऱ्या रस्त्यावर तांत्रिक तपासणीसाठी असंच. मग समांतर जोड. आता दोन्ही रस्त्यांवरून प्रत्येकी एक टोकन नेहमीच येतं. जोडाला अंदाज बांधावा लागत नाही. चिन्हं जास्त झाली, पण अर्थ एकच उरला.

मागे जाणाऱ्या बाणांचं काय? वित्त विभागाने मागणी ‘दुरुस्तीसाठी परत’ केली. फळ्यावर वित्त तपासणीपासून थेट सुरुवातीकडे एक वळणदार बाण आहे. पण त्या वेळी तांत्रिक विभाग तीच मागणी तपासत बसला आहे, त्यांच्याकडचं टोकन जिवंत आहे. मागणीदाराने वस्तूच बदलली तर तांत्रिक विभाग जुन्या वस्तूवर अहवाल देणार. शिवाय दुरुस्त मागणी पुन्हा आली की तांत्रिक तपासणीचं दुसरं टोकन तयार होणार. इथे खरे पर्याय तीन. एक, परत पाठवताच दुसरीकडचं काम रद्द करायचं. दोन, दोन्ही विभागांचे निकाल येईपर्यंत थांबायचं आणि मग एकत्रच परत पाठवायचं. तीन, दोन तपासण्या समांतर ठेवायच्याच नाहीत. पहिल्यात तांत्रिक विभागाची मेहनत वाया जाते, दुसऱ्यात मागणीदाराला चुका उशिरा कळतात पण एकदाच कळतात, तिसऱ्यात वेळ वाढतो. मला दुसरा पर्याय बहुतेक ठिकाणी बरा वाटतो, पण निवड तुमची नाही. परिणाम लिहून प्रश्नवहीत टाका आणि ज्यांचं काम आहे त्यांना निवडू द्या. नियम म्हणून एवढं धरा: समांतर भागाच्या आतून बाहेर किंवा बाहेरून आत बाण जात असेल तर तिथे एक न विचारलेला प्रश्न आहे.

सगळी आकृती झाल्यावर तीन गोष्टी तपासायच्या. संशोधक विल व्हॅन डर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकात वर्कफ्लोसाठी मांडलेल्या कसोटीचाच हा गाभा. कुठल्याही टप्प्यावर असलं तरी प्रकरण शेवटापर्यंत पोहोचू शकतं का? शेवटाला पोहोचलं तेव्हा मागे कुठे टोकन रेंगाळत तर नाही? आणि असं एखादं काम आहे का, जे कुठल्याच परिस्थितीत कधीच होणार नाही? वोपेड किंवा प्रॉम यांसारखी साधनं हे आपोआप तपासतात. बीपीएमएनमध्ये साधं शेवटचं चिन्ह फक्त त्याच्यापर्यंत आलेलं टोकन संपवतं, बाकीची चालूच राहतात. सगळं एकदम थांबवायचं असेल तर त्याचं चिन्ह वेगळं आहे. नामंजुरीच्या शेवटापाशी हा फरक हमखास नजरेतून सुटतो.

पायरी ५: कोण करणार

आकृतीतल्या आडव्या पट्ट्यांवर ‘व्यवस्थापक’ असं लिहिलेलं असतं. त्यावरून इंजिनला काहीच कळत नाही. कुठला व्यवस्थापक? मागणीदाराचा. तो कधीचा: मागणी सादर झाली तेव्हाचा, की काम तयार होतं तेव्हाचा? मधल्या काळात मागणीदाराची बदली झाली तर? व्यवस्थापकाने स्वतःच मागणी केली तर तो स्वतःचीच मागणी मंजूर करणार का? जागा रिकामी असेल तर? रजेवर असेल तर?

खरेदी विभागासारख्या गटाचं काम असेल तर निराळे प्रश्न येतात. काम सगळ्यांच्या यादीत दिसणार आणि जो उचलेल त्याचं होणार, की विभागप्रमुख वाटून देणार? उचललेलं काम परत टाकता येतं का? आणि एकाच प्रकरणात कोणती दोन कामं एकाच व्यक्तीने करायची नाहीत? ज्याने आदेश काढला त्यानेच बिल मंजूर करू नये, हा नियम लेखापरीक्षक नक्की विचारतील. तो आकृतीत दिसत नाही म्हणून वेगळा लिहून ठेवा.

पायरी ६: माहिती

ही पायरी झटपट होते. प्रत्येक कामापुढे लिहा: ते काय वाचतं, काय भरतं. मग प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा की अटीत वापरलेलं मूल्य तिथे पोहोचणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर आधी भरलं गेलंय का. समांतर चालणारी दोन कामं एकच रकाना बदलत असतील तर कुणाचं टिकेल, हेही ठरवा.

पायरी ७: वेळ आणि बिघाड

‘दोन दिवसांत मंजुरी’. कामकाजाचे दिवस की कॅलेंडरचे? कधीपासून मोजायचे: मागणी सादर झाल्यापासून, की व्यवस्थापकाच्या यादीत आल्यापासून? दुरुस्तीसाठी परत गेली तर घड्याळ थांबतं, की पहिल्यापासून सुरू होतं? आणि मुदत संपली की नेमकं काय? बीपीएमएनमध्ये कामाच्या कडेला लावलेला टायमर दोन प्रकारचा असतो. एक काम थांबवून दुसऱ्या रस्त्याला लागतो. दुसरा काम चालू ठेवून सोबत आठवण पाठवतो. फळ्यावर दोन्ही ‘२ दिवस’ असेच लिहिलेले असतात. वेळ लिहिताना ‘लवकरात लवकर’, ‘वेळेत’ असे शब्द दिसले की ते प्रश्नवहीत गेले पाहिजेत.

मागणी मागे घेणं हा दुसरा मोठा विषय. मागणीदाराला ती कधीही मागे घेता यावी, असं सगळे म्हणतात. आदेश निघायच्या आधी ते सोपं आहे: सगळी उघडी कामं यादीतून काढायची, संबंधितांना कळवायचं. आदेश पुरवठादाराकडे गेल्यावर मात्र रद्द करून काही होत नाही, कारण जे बाहेर घडलं ते पुसता येत नाही. तिथे भरपाईची कृती लागते: आदेश रद्द करण्याचं पत्र, राखून ठेवलेली तरतूद मोकळी करणं, आलेला माल परत पाठवणं. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये डेटाबेसमधल्या लांबलचक व्यवहारांसाठी हाच विचार मांडला होता: प्रत्येक टप्प्यासोबत तो उलटवणारी कृती जोडून ठेवा आणि मध्येच थांबायची वेळ आली तर झालेल्या टप्प्यांच्या उलट्या कृती शेवटाकडून सुरुवातीकडे करत या. तुम्हीही बाहेरच्या जगावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक कामापुढे ‘हे उलटवायचं झालं तर’ असा एक रकाना भरा. काहींपुढे ‘उलटवता येत नाही’ असं येईल. त्या कामाच्या पुढे मागणी मागे घेण्याचं बटण दिसताच कामा नये.

याशिवाय, दुसऱ्या सिस्टिमशी बोलताना दोन तऱ्हेचे बिघाड वेगळे ठेवा. नेटवर्क बंद असणं हा तांत्रिक बिघाड. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा, किती वेळा ते ठरवायचं. ‘हा पुरवठादार यादीत नाही’ असं उत्तर येणं हा व्यवहारातला नकार; तो कितीदाही विचारला तरी तोच राहणार, त्याला आकृतीत स्वतःचा रस्ता हवा. एकच संदेश दोनदा आला किंवा प्रकरण संपल्यावर आला तर काय करायचं, तेही लिहा.

पायरी ८: लिहून काढा

बीपीएमएन २.० हे मानक ओएमजीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलं आणि २०१३ पासून ते आयएसओचंही मानक आहे. साधनं त्यासाठी भरपूर मिळतात, त्यामुळे सुरुवात तिथून करायला हरकत नाही. पण चिन्हं शंभराहून जास्त आहेत म्हणून सगळी वापरायची गरज नाही. काम, दोन जातींचे गेटवे, घटनांचा गेटवे, टायमर, संदेश, उपप्रक्रिया आणि शेवट एवढ्यात बरंच काही बसतं. आकृती पन्नास चिन्हांच्या पुढे गेली की उपप्रक्रिया पाडा. आणि आकृतीसोबत प्रत्येक कामाचं एक पान ठेवा. नमुना म्हणून व्यवस्थापकाचं काम:

काम: मागणी तपासून निर्णय देणे.
केव्हा सुरू: मागणी सादर झाल्यावर, किंवा दुरुस्तीनंतर पुन्हा सादर झाल्यावर.
कोण: सादर करतेवेळी मागणीदाराचा व्यवस्थापक म्हणून नोंदलेली व्यक्ती. ती आणि मागणीदार एकच असतील तर तिच्या वरची व्यक्ती. जागा रिकामी असेल तर विभागप्रमुख.
काय दिसतं: वस्तू, अंदाजे रक्कम (करासह), कारण, आधीच्या दुरुस्त्या.
काय भरायचं: निर्णय, म्हणजे मंजूर, नामंजूर किंवा दुरुस्तीसाठी परत. शेवटच्या दोन्हींत कारण सक्तीचं.
मुदत: यादीत आल्यापासून २ कामकाजाचे दिवस. संपल्यावर आठवण जाते, काम तिथेच राहतं. आणखी २ दिवसांनी वरच्या व्यक्तीकडे वर्ग होतं.
मध्येच मागणी मागे घेतली तर: काम यादीतून जातं, व्यवस्थापकाला सूचना जाते.

हे पान प्रोग्रॅमरला जितकं समजतं तितकंच व्यवस्थापकालाही समजलं पाहिजे. ते वाचून व्यवस्थापक ‘नाही, चार दिवसांनी नको, तीन दिवसांनी’ असं म्हणाला, की समजा त्याने ते खरोखर वाचलं.

काही राहून गेलं का, हे बघायला वर्कफ्लो पॅटर्न्सची, म्हणजे प्रक्रियांत वारंवार दिसणाऱ्या रचनांची, यादी वापरा. २००३ मध्ये व्हॅन डर आल्स्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या मूळ संचात २० पॅटर्न्स होते, नंतर त्यांत भर पडली. एकेक वाचून ‘आपल्याकडे असं घडतं का?’ एवढंच विचारत जायचं.

पायरी ९: जुन्या फायलींवर चालवून बघा

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसोबत बसा आणि खऱ्या, आधी होऊन गेलेल्या मागण्या आकृतीवरून चालवा. साध्यासरळ एक-दोन पुरेत. बाकी मुद्दाम वाकड्या निवडा: परत गेलेली, दोन आदेशांची, अर्धा माल आलेली, बिल जुळलं नाही अशी, वर्षअखेरीला अडकलेली. जिथे लोक म्हणतात ‘इथे आम्ही खरं तर असं करतो’, तिथे पेन खाली ठेवू नका. जुनी सिस्टिम असेल आणि तिच्यात कुणी, काय, केव्हा केलं याची नोंद असेल, तर प्रोसेस मायनिंगच्या साधनाने त्या नोंदींवरून खरा प्रवाह काढता येतो. फळ्यावरची आकृती आणि तो प्रवाह शेजारी ठेवून जिथे फरक दिसेल, तिथे कुठलं बरोबर हे पुन्हा त्यांनाच विचारा. रूढ पद्धत चुकीची असू शकते तसा नियमही जुनाट असू शकतो.

स्पेसिफिकेशनला आवृत्ती क्रमांक द्या आणि सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रकरणावर तो नोंदवा. नियम बदलणारच. आज मर्यादा ५०,००० आहे, पुढच्या वर्षी वेगळी असेल, आणि त्या दिवशी कित्येक मागण्या अर्ध्या वाटेत असतील. त्या जुन्या नियमाने पूर्ण होतील, की नव्या आवृत्तीत हलवल्या जातील? हलवायच्या असतील तर जुन्या आकृतीतलं प्रत्येक ठिकाण नव्या आकृतीत कुठे येतं याचा तक्ता लागतो, आणि ज्या ठिकाणाला नव्यात जागाच नाही तिथल्या प्रकरणांचं काय करायचं हेही ठरवावं लागतं. बहुतेक ठिकाणी जुन्यांना जुन्याच आवृत्तीत संपू देणं सोपं पडतं. कायद्यातला बदल एखाद्या तारखेपासून सगळ्यांनाच लागू होत असेल तर मात्र ती सोय नसते. तुमच्या प्रक्रियेतले कोणते नियम या दुसऱ्या जातीचे आहेत, हा प्रश्न वहीत आजच लिहून ठेवा आणि ज्याच्याकडे उत्तर आहे त्याचं नाव त्यापुढे घाला.